सीरमचा लॉट नंबर लिहा

रात्रभर सीरमविना ठेवलेल्या पेशींवर सकाळी दहा टक्के सीरम घाला आणि तासाभराने यॅप हे प्रथिन रंगवून पाहा. मघापर्यंत पेशीद्रवात विखुरलेले यॅप आता केंद्रकात गोळा झालेले दिसते. पेशी वाढीला लागल्याची ही खूण.

सीरममधले नेमके काय हे घडवते? २०१२ मध्ये सॅन दिएगोच्या कुन-लियांग ग्वान यांच्या गटाने त्याचा माग काढला. सीरममधली प्रथिने विकराने पचवून टाकली तरी परिणाम तसाच राहिला. कर्ते निघाले दोन लिपिड : लायसोफॉस्फॅटिडिक आम्ल, म्हणजे आपले एलपीए, आणि स्फिंगोसिन-१-फॉस्फेट. पेशीपटलावरच्या ग्राहीला ते चिकटले की ॲक्टिनचे धागे ताणले जातात, लॅट्स या किनेजने लावलेला ब्रेक सुटतो आणि यॅप मोकळे होते. हा ब्रेक किती मोठा, ते २००७ मध्ये उंदरांत दिसले होते. यकृतात यॅप वाढवल्यावर काही आठवड्यांत यकृत चौपटीच्या आसपास फुगले आणि यॅप थांबवताच पुन्हा ओसरले.

एलपीएचा उगम तर आपल्या कामाच्या अगदी जवळचा आहे. ताज्या प्लाझ्मात ते नाममात्र असते. रक्त गोठताना बिंबिकांमधून लिपिड बाहेर पडतात आणि ऑटोटॅक्सिन हे विकर त्यांपासून एलपीए बनवते. जखमेपाशी पेशी वाढायला हव्यात, तिथे ही व्यवस्था चोख आहे. (हेच ऑटोटॅक्सिन १९९२ मध्ये मेलॅनोमाच्या पेशींत सापडले, हेही विसरू नये.) आपण मात्र गोठलेल्या रक्ताचा हा निरोप रोज फ्लास्कमध्ये ओततो आणि त्याला पोषण म्हणतो. सीरम ५६ अंशांवर अर्धा तास ठेवल्याने पूरक प्रथिने निकामी होतात, हे लिपिड मात्र टिकून राहतात. सीरमऐवजी वापरलेल्या साध्या अल्ब्युमिनलाही लिपिड चिकटलेले असतात.

म्हणूनच ‘१० टक्के एफबीएस’ (गर्भस्थ वासराचे सीरम) एवढाच उल्लेख असलेले हस्तलिखित वाचताना मला अस्वस्थ वाटते. वाढीचा फरक औषधाचा की बाटलीचा, हे त्यावरून ठरवता येत नाही. यापुढे आम्ही लेखकांकडे सीरमचा लॉट, उपाशी ठेवल्याचे तास, अल्ब्युमिन स्निग्धाम्लमुक्त होते का आणि पेशींची दाटी हे सगळे मागणार आहोत. दाटी यासाठी की प्लेट भरली की यॅप आपोआप केंद्रकाबाहेर पडते.

आणि नवा लॉट उघडण्याआधी जुन्यातले पन्नास मिलीलिटर गोठवून ठेवा. दोन्ही एकाच दिवशी, एकाच पॅसेजच्या पेशींवर, शेजारशेजारच्या विहिरींत घालून पाहा.