दिंडोरीच्या वाइनला नाव कोणते?

कल्याण-डोंबिवलीत ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते, तेथे मुख्यतः व्हिस्की, रम आणि बिअर विकली जाते. द्राक्षांची वाइन असलीच तर एखाद्या फळीवर. त्यामुळे जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद पुढे आला, तेव्हा तो मराठी कानाला पटला नाही, यात नवल नाही. तो वाद नीतीचा होता तितकाच शब्दाचाही होता. ‘द्राक्षासव’ वैद्याच्या बाटलीत गेले, ‘वारुणी’ काव्यात राहिली. व्यवहारात उरली एकटी ‘दारू’.

फ्रान्समधील शॅम्पेन परगण्याने आपला शब्द डोळ्यांत तेल घालून जपला. त्या परगण्यातल्या द्राक्षांपासून, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेल्या फेसाळ वाइनलाच ते नाव. मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने २०१३ मध्ये दिंडोरीची फेसाळ वाइन बाजारात आणली, तीही ‘शँदाँ’ म्हणून. शॅम्पेन म्हणून नव्हे. पद्धत तीच, पण माती वेगळी.

आपण मात्र मातीचे नाव घ्यायला संकोचतो. नारायणगावी चौगुले यांच्या ‘इंडेज’ने १९८० च्या दशकात फ्रेंच साहाय्याने फेसाळ वाइन केली आणि ती परदेशी गेली ‘उमर खय्याम’ या नावाने. (माधव जूलियनांनी खय्याम थेट फारसीतून मराठीत आणला होता, पण जुन्नरच्या द्राक्षांशी त्याचा काय संबंध?) राजीव सामंतांनी आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ केले, हा सुखद अपवाद. पुढे भौगोलिक निर्देशांक मिळाला तोही ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला. गोदावरी-कादवेच्या प्रदेशात ‘खोरे’ हा शब्द का चालू नये, हे मला तरी उमगलेले नाही.

वास्तविक शब्दांची वाण बागेत नाहीच. फ्रान्समधील वेल हिवाळ्यात निजतो, नाशिकचा निजत नाही. म्हणून येथे वर्षातून दोनदा छाटणी. काढणीनंतर, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी. पावसाळा सरताना गोडी छाटणी, आणि मग साधारण जानेवारी ते मार्चमध्ये फळ हाती. ‘गोडी छाटणी’! एवढा नेमका आणि रसाळ शब्द शेतकऱ्याच्या तोंडी असताना बाटलीच्या पाठीवर मात्र इंग्रजीतले ठरावीक गोडवे. शेनँ ब्लां, सोव्हिन्यों ब्लां ही वाणांची नावे फ्रेंच आहेत, ती तशीच राहोत. पण त्यांच्या खाली गावाचे नाव आणि गोडी छाटणीचा महिना देवनागरीत छापायला कोणाची हरकत असावी?