चाळीस रुपयांचा हक्क

४ जानेवारी १९२५ रोजी बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या वसतिगृहाला सोलापूर नगरपालिकेने दरमहा ४० रुपये अनुदान दिले. मुलांच्या जेवणाखाणाचा, कपड्यालत्त्याचा बाकीचा भार सभेने उचलला. चळवळीच्या इतिहासात ही नोंद एका ओळीत आटोपते. यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी मात्र ती ओळ आज पुन्हा वाचली पाहिजे.

ते ४० रुपये भीक नव्हती. नगरपालिकेच्या तिजोरीत अस्पृश्यांच्याही घामाचा पैसा होता आणि त्या पैशातून अस्पृश्यांच्या पोरांनी शिकावे यात कुणाचे उपकार नव्हते. पण बाबासाहेब केवळ त्या ४० रुपयांवर विसंबूनही राहिले नाहीत. तिजोरीवरचा हक्क सोडायचा नाही आणि तिजोरीचे मिंधेही व्हायचे नाही, ही या नोंदीची शिकवण आहे. आज आपण दोन्ही टोकांना चुकतो आहोत.

आधी हक्काचे पाहू. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. त्याखालील व्यवस्थेनुसार जिल्हा परिषदेने आपल्या स्वउत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर, १० टक्के महिला व बालकांवर आणि ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायची आहे. ग्रामपंचायतीने उत्पन्नाच्या १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्चायची आहे. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने अकरावी अनुसूची दिली. तिच्यातील २९ विषयांत समाजकल्याण आहे आणि अनुसूचित जाती-जमातींसह दुर्बल घटकांचे कल्याणही आहे. ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिकांनाही दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा विषय दिला. कायद्यात कमी काहीच नाही.

मग हा पैसा जातो कुठे? बहुतेक ठिकाणी शिलाई मशीन, सायकल, ताडपत्री, फवारणी पंप. या वस्तू गरजेच्या नाहीत असे आम्ही म्हणत नाही. पण ५ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयानंतर वस्तूऐवजी रक्कम खात्यात देण्याची पद्धत आली. आधी वस्तू स्वतः विकत घ्या, पावती जोडा, मग पैसे मिळतील. ज्या शेतमजूर बाईच्या घरी उद्याच्या चुलीची खात्री नाही, तिने शिलाई मशीनसाठी आधी हजारो रुपये आणायचे कुठून? सावकाराकडून? म्हणजे योजना गरिबाची आणि लाभ ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याचा!

दुसरीकडे, वस्त्यावस्त्यांतून जे काम रोज चालते त्याच्या वाट्याला या पैशातून सहसा काही येत नाही. विहारात अभ्यासिका चालवणारी पोरे वीजबिलासाठी वर्गणी गोळा करतात. महिला मंडळ आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या विधवेला घेऊन तहसीलचे हेलपाटे घालते. दिवाळीनंतर आईबाप कामाला परमुलखी गेले की मागे राहिलेल्या लेकरांना कुणीतरी भाकर घालते. हीच खरी समाजसेवा आहे आणि ती बिनपैशाची आहे.

पैसा अशा हातांपर्यंत पोचवता येत नाही, हे म्हणणे खोटे आहे. २०१५ साली राज्य सरकारने यवतमाळ व उस्मानाबाद जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान काढले तेव्हा गावपातळीवर समित्या झाल्या आणि जिल्हा प्रशासनामार्फत पैसा गावापर्यंत गेलाच की! आत्महत्या थांबल्या का, हा प्रश्न वेगळा. पण मार्ग असतो, एवढे तर सिद्ध झाले.

अनुदानित वसतिगृहांचेही असेच. ती स्वयंसेवी संस्था चालवतात, पैसा राज्य शासनाचा असतो आणि तो जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागामार्फत येतो. २०२३ साली मंत्रिमंडळाने परिपोषण अनुदान दरमहा १५०० वरून २२०० रुपये केले. २२०० ला तीसने भागा. दिवसाला ७३ रुपये! त्यात चहा-नाश्ता, दोन वेळचे जेवण, तेल-साबण. तेही वेळेवर आले तर. अनुदान रखडले की प्रामाणिक संस्था किराणा दुकानदाराच्या उधारीवर जगते. ज्याच्या मागे आमदार किंवा कारखाना आहे, तो संस्थाचालक मात्र निवांत असतो, कारण त्याचे वसतिगृह मुलांसाठी नसून मतांसाठी असते. पटावरची मुले आणि ताटावरची मुले यांचा मेळ घालण्याची हिंमत तपासणी करणाऱ्याने दाखवली पाहिजे. त्याचबरोबर बोगस संस्थांचे निमित्त करून चांगल्या संस्थांचा घास अडवण्याचा उद्योगही थांबला पाहिजे.

हे विचारायचे कुणाला? जिल्हा परिषदेत समाजकल्याण समिती असते ती यासाठीच. पण २०१७ साली निवडून आलेल्या सदस्यांची मुदत २०२२ साली संपली आणि प्रशासक बसला. निवडणुका इतक्या लांबल्या की ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घेण्याचा आदेश द्यावा लागला. लोकनियुक्त सभागृह नाही तेव्हा समिती नाही, ठराव नाही, जाब नाही. त्याच मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवल्याचे उघड झाले आणि खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी नाराजी व्यक्त केली. मंत्र्याचे चालत नसेल तर आर्णीच्या किंवा घाटंजीच्या कार्यकर्त्याचे काय चालणार? पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. तिथे २०१७ साली अनुसूचित जाती-जमाती विशेष विकास निधीचा कायदा झाला आणि न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी त्याच कामासाठी ओढण्याची तरतूद झाली. नदीच्या अलीकडे तसा कायदा का नको?

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, २० टक्के, १० टक्के आणि १५ टक्के निधीचा वर्षवार हिशेब सोळाही तालुक्यांच्या पंचायत समित्यांत फलकावर लावा. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या रकमा व लाभार्थी स्वतःहून जाहीर करणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे, कुणी अर्ज करण्याची वाट पाहायची नाही. दोन, या निधीतील निश्चित हिस्सा अभ्यासिका, मार्गदर्शन केंद्रे व स्थलांतरितांच्या मुलांची व्यवस्था चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थांना खुल्या अर्जाने द्या. विहार धार्मिक स्थळ आहे म्हणून अभ्यासिका नाकारू नका. अनुदान पूजेला मागितलेले नाही, पुस्तकांना आणि दिव्याला मागितले आहे, आणि ती अभ्यासिका सर्व जातिधर्मांच्या मुलांना खुली राहील. तीन, जी स्थानिक संस्था हा पैसा खर्चणार नाही तिचेच शासकीय अनुदान रोखा. यात नवे काही नाही. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाला, नगरपालिका ढिम्म राहिल्या, तेव्हा ५ ऑगस्ट १९२६ च्या दुसऱ्या ठरावाने अंमलबजावणी न करणाऱ्यांचे अनुदान थांबवण्याची शिफारस केली होती.

आता आपल्या घरातले. हक्क मागणाऱ्याचे कागद चोख हवेत. आपल्या किती मंडळांचे लेखापरीक्षण वर्षच्या वर्षाला होते? नवी कार्यकारिणी आली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो न दिल्याने एक शिक्का, दोन अध्यक्ष आणि तीन दावे अशी आपल्या संस्थांची गत होते. मग साहेबाला फाईल परत करायला आयतेच निमित्त मिळते. गावच्या संस्थेने दर पौर्णिमेला विहारात जमाखर्च वाचून दाखवावा. ज्याचा हिशेब उघडा, त्याचा आवाज मोठा.

आणि शेवटचे, सर्वांत महत्त्वाचे. अनुदान घेतले म्हणून जीभ गहाण पडता कामा नये. सभापतीच्या वाढदिवसाच्या फलकावर संस्थेचे नाव आले, त्या दिवशी ती संस्था चळवळीची उरली नाही असे समजावे. समाजाच्या वर्गणीचा एक तरी रुपया दर महिन्याला संस्थेत आलाच पाहिजे. अनुदान थांबले तरी दिवा जळत राहील आणि दिवा जळत राहिला तर थांबलेल्या अनुदानाचा जाब विचारायची ताकद राहील.

ग्रामसभेची नोटीस लागेल, त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, पण १५ टक्क्यांचा हिशेब विचारायला उभे राहा. जय भीम!