इंजिन मोठं, पण ब्रेक?



उसाचं बिल हाती आलं, की घरातल्या पोराच्या डोक्यात दारातली जुनी मारुती ८०० घोळू लागते. पाच माणसं बसली अन् मागं दोन पोती टाकली, की गाडी चढाला धापते. मग एखादा मिस्त्री म्हणतो, "झेनचं इंजिन टाकू, गाडी वाऱ्यासारखी पळेल!" घनसावंगी असो की दुसरं गाव, हे ऐकून हुरळू नका.

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली, २०१४ मध्ये बंद झाली. तिचं इंजिन तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं. झेनचं चार सिलिंडरचं, ९९३ सीसीचं. मिस्त्री ते बसवून देईलही. पण तुमच्या विहिरीचंच बघा. तीनची मोटार काढून साडेसातची टाकली अन् केबल, स्टार्टर जुनेच ठेवले, तर काय होतं? केबल तापते, स्टार्टर जळतो. गाडीचंही तसंच. क्लच, गिअरबॉक्स, एक्सल, रेडिएटर, पुढच्या स्प्रिंगा, सारं लहान इंजिनाच्या मापाचं असतं.

ब्रेकचा तर जिवाशी संबंध. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी ४० किलोमीटरला १० मीटर लागत असतील, तर ८० ला ४० मीटर. गाळपाच्या दिवसांत रात्री तीर्थपुरीच्या रस्त्यावर समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली आली, तर मोठं इंजिन काय कामाचं?

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्यानं दिलेला अन् आरसी बुकात नोंदलेला तपशील बदलेल, असा फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं अशा प्रत्येक फेरफाराला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. शिवाय विमा असतो आरसी बुकातल्या गाडीचा. अपघात झाला अन् इंजिन भलतंच निघालं, तर कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई मालकाच्या अंगावर येते, अन् शेतकऱ्याजवळ विकायला जमिनीशिवाय असतं काय?

मग करावं काय? आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. क्लच घसरतो का, ब्रेक चाक धरून ठेवतो का, एअर फिल्टर तुंबलाय का, ते पाहा. पुष्कळदा धाप तिथंच असते. इंजिन कामातूनच गेलं असेल, तर त्याच जातीचं घ्या. आधी जालन्याच्या आरटीओची परवानगी काढा, पक्कं बिल घ्या अन् नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवा. एवढ्यानंही भागत नसेल, तर ही गाडी विका आणि कागदपत्रं चोख असलेली मोठी जुनी गाडी घ्या.

पोरावर रागावू नका. हे पान त्याला वाचायला द्या. बैल पळणारा हवाच, पण कासरा आपल्या हातात हवा.