राजाने तिथी विचारली

तंजावरच्या मराठ्यांचा विषय निघाला की मराठी लेखक सरस्वती महाल ग्रंथालयापाशी, तेथल्या मराठी नाटकांपाशी आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी शिलालेखापाशी थांबतात. या घराण्यातील एका राजाने तमिळ कवितेत, नेमके बोलायचे तर तमिळ कवितेभोवतीच्या दंतकथेत, एक प्रश्न विचारलेला आहे. त्याची मात्र आपल्याकडे फारशी वाच्यता होत नाही.

कथा तिरुक्कडैयूरच्या देवळातली. राजा पहिला सरफोजी (कारकीर्द १७१२ ते १७२८). तै महिन्यातील अमावास्येला तो देवळात आला, तेव्हा अभिरामी देवीपुढे एक भट्टर स्वतःला विसरून बसला होता. राजाने विचारले, आज तिथी कोणती? देवीचा मुखचंद्र पाहत असलेल्या भट्टराने उत्तर दिले, पौर्णिमा. आज रात्री चंद्र उगवला नाही तर देहान्त, असे राजाने फर्मावले. पेटलेल्या आगीवर शंभर दोरांनी टांगलेल्या फळीवर भट्टर उभा राहिला आणि एकेक कडवे गाऊन एकेक दोर कापू लागला. एकोणऐंशीव्या कडव्याला देवीने आपले कर्णभूषण आकाशात भिरकावले आणि अमावास्येच्या रात्री चांदणे पडले. ते काव्य म्हणजे ‘अभिरामी अंदादी’. प्रत्येक कडव्याच्या शेवटच्या शब्दाने पुढचे कडवे सुरू होते (मोरोपंतांच्या दामयमकाची आठवण यावी अशी ही रचना) आणि शंभरावे कडवे पहिल्याला जाऊन मिळते. क्षय आणि वृद्धी यांतून फिरून मूळ जागी येणाऱ्या चंद्रावरच्या दंतकथेला याहून नेटका छंद सापडला नसता.

ही कथा खरी की खोटी, हा प्रश्न माझ्या दृष्टीने गौण आहे. तमिळ परंपरेला तिथी चुकलेल्या कवीची बाजू घ्यावीशी वाटली आणि तिथी बरोबर ठाऊक असलेल्या राजाला तिने तोंडघशी पाडले, हे मला महत्त्वाचे वाटते. आजही तै अमावास्येला तिरुक्कडैयूरला हे काव्य गायले जाते. पंचांगातील दिवस आणि कविता यांचे असे लागेबांधे असताना, तमिळांची मासिक व्रते आणि पूजा हा विषय आपण निमूटपणे ‘सणवार’ या सदरात टाकून समाजशास्त्राच्या हवाली करतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तो परत मागून घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

आपली पहिली अडचण समीकरणांची असते. त्यांची संकटहर चतुर्थी म्हणजे आपली संकष्टी, त्यांचा प्रदोषम् म्हणजे आपला प्रदोष. तिथीच्या व्रतांपुरते हे खरेही आहे. परंतु तमिळ वर्षातील मोठे दिवस पाहा. तै पूसम, पंगुनी उत्तिरम, वैकासी विसाकम, मार्गळि तिरुवादिरै. आधी महिना, मग नक्षत्र. तिथीचा उल्लेखच नाही. तमिळ महिना सौर. तो संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत चालतो, २९ ते ३२ दिवसांचा असतो आणि त्याला अधिक मासाची गरज पडत नाही. महिन्याची हद्द सूर्याने आखायची आणि त्यातला दिवस चंद्राने ठरवायचा, अशी ही वाटणी आहे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून किती अंतरावर गेला याची मोजणी. नक्षत्र म्हणजे चंद्र आज कोणाच्या घरी उतरला आहे त्याचा पत्ता. तै महिन्यात सूर्य मकरेत असतो, तेव्हा समोरच्या कर्केतल्या पुष्य नक्षत्राशी आलेला चंद्र पूर्ण किंवा जवळजवळ पूर्णच असणार. तै पूसम म्हटल्यावर पौर्णिमा निराळी सांगावी लागत नाही. भाषांतरकार जेव्हा तेथे नुसते ‘पौष पौर्णिमा’ लिहून मोकळा होतो, तेव्हा तारीख फारशी चुकत नाही, पत्ता मात्र हरवतो.

तो हरवू नये असे मला का वाटते, याचे कारण कवितेत आहे. ‘अकनानूरु’ या संघमकालीन संग्रहात नक्कीरर यांची एक कविता आहे. प्रियकर दूर वाळवंटी वाटेवर गेला आहे. पावसाळा सरला आहे, पूर्णचंद्र कृत्तिकांच्या सहा ताऱ्यांशी आला आहे, गल्ल्यांतून दिवे लागले आहेत. हा सण आपल्यासोबत साजरा करायला तो यावा, एवढीच त्या स्त्रीची इच्छा आहे. पुढे सातव्या शतकात तिरुज्ञानसंबंधर मयिलापूरच्या शिवावर एक पदिगम् रचतात. त्यात पूंपावै नावाच्या मुलीला उद्देशून कडव्यामागून कडवे येते आणि बहुतेक कडव्यांत एकेक उत्सव: ऐप्पसीतील ओणम, कार्तिगैचे दिवे, तिरुवादिरै, तै पूसम, मासीतले समुद्रस्नान, पंगुनी उत्तिरम. एका कडव्यात अष्टमीही आहे, म्हणजे तिथीशी काही वैर नव्हते. हे सारे न पाहताच तू जाणार का, अशी तिला आर्जवाची विचारणा आहे.

ही मुलगी कोण, हे आपल्याला बाराव्या शतकात सेक्किळार यांच्या ‘पेरियपुराणम्’मधून सविस्तर कळते. व्यापाऱ्याची लेक, सर्पदंशाने गेलेली, बापाने अस्थी कलशात जपून ठेवलेल्या. संबंधरांनी पद म्हटले आणि ती कलशातून उठून आली. चमत्कार बाजूला ठेवू. मेलेल्याला परत बोलवायचे तर स्वर्गाचे किंवा पुण्याचे आमिष दाखवावे, असे कोणालाही सुचले असते. इथे आमिष आहे ते रस्त्यावरच्या दिव्यांचे, अन्नाचे, दाराशी चालणाऱ्या गर्दीचे. वर्षभर क्रमाने येणाऱ्या दिवसांचे. नक्कीररांच्या नायिकेने दूर गेलेल्याला ज्या दिवसाच्या नावाने बोलावले, त्याच दिवसाच्या नावाने संबंधर मृत मुलीला बोलावतात. व्रताच्या कोणत्याही माहितीपुस्तकात फलश्रुती असते. या कवितांत दिवस कशाचेच साधन नाही. परत येण्याजोगे काही आहे ते तो दिवसच.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. आजची मासिक उपासना कुठे इतकी काव्यमय आहे? दर पौर्णिमेला तिरुवण्णामलैच्या डोंगराभोवती सुमारे १४ किलोमीटरचे गिरिवलम् करणाऱ्या लाखोंमध्ये, किंवा प्रदोषाच्या सायंकाळी नंदीवर दुधाचा अभिषेक पाहायला लोटणाऱ्यांमध्ये पदिगम् वाचून आलेले किती? शिवाय या गर्दीचा हा आकार गेल्या काही दशकांतला आहे. खास बसगाड्यांचा त्यात मोठा हात आहे. आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने फारसे बिघडत नाही. गर्दी नवी असली तरी तिला चालायला लावणारा चंद्र जुनाच आहे, आणि ओदुवार आजही देवळातून तेच तेवारम् गातात. (जाता जाता: २००८ साली तमिळनाडू सरकारने कायद्याने नववर्ष चित्तिरैवरून तै महिन्याच्या पहिल्या दिवशी नेले आणि २०११ साली पुढच्या सरकारने ते परत आणले. वाद झाला तो सूर्याच्या तारखेचा.)

कर्मकांडावरच ज्यांचा राग आहे त्यांनी वडलूरचा विचार करावा. रामलिंग अडिगळ (१८२३–१८७४), लोक ज्यांना वळ्ळलार म्हणतात, हे ‘तिरुवरुट्पा’चे कवी. जातिभेद त्यांनी नाकारला, शास्त्रांचा आणि कर्मकांडाचा पसारा झिडकारला, भुकेल्याला अन्न हीच पूजा ठरवली. त्यांनी उभारलेल्या सत्य ज्ञान सभेत मूर्ती नाही. पडद्यांआड एक ज्योत आहे. दर महिन्याला पूसम नक्षत्रावर सहा पडदे सारून तिचे दर्शन घडते; तै पूसमला सातही पडदे दूर होतात. इतके सारे टाकून देणाऱ्या या कवीच्या परंपरेत पूसम मात्र टिकून आहे.

आपल्याकडेही अशा पत्त्याचा एक अवशेष उरला आहे. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्र असताना कार्तिकस्वामीच्या दर्शनासाठी पुण्याच्या पर्वतीवर रांग लागते. हा आपला कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, स्त्रियांनी एरवी दर्शन टाळावे असा. तमिळांचा मुरुगन वळ्ळी आणि दैवानै यांच्यासह नांदणारा, घरोघरचा, दर महिन्याच्या कृत्तिकेला ज्याच्यासाठी बायका उपास करतात तो. नक्षत्र एकच, तारे तेच सहा. आपण त्या देवाकडे वर्षातून एकदा, घड्याळात मुहूर्त पाहून जातो, आणि तमिळ कवितेचे मराठी भाषांतर करायला बसतो तेव्हा ‘कार्तिगै’च्या जागी ‘त्रिपुरी पौर्णिमा’ लिहितो. तळटीप देऊन का होईना, तेथे कृत्तिकाच लिहायला हवी.