स्पोर्ट्स मोटार आणि रोजचा रस्ता

यंदा सहामाही परीक्षेत नववीच्या वर्गास ‘मला आवडणारे वाहन’ हा निबंध घातला होता. विषय जुनाच. सायकलीपासून विमानापर्यंत सारे काही त्यात येऊन गेलेले. त्यामुळे उत्तरपत्रिका तपासताना आमची लेखणी भराभर चालली होती. एका उत्तरपत्रिकेपाशी मात्र ती थांबली. त्या विद्यार्थ्याने लिहिले होते की, मोठेपणी आपण एक तांबडी स्पोर्ट्स मोटार घेऊ आणि आईला रोज सकाळी कुकटपल्लीहून अमीरपेटला तिच्या कचेरीत त्या मोटारीने पोहोचवू. आम्ही समासात ‘कल्पना चांगली, पण अव्यवहार्य’ असा शेरा लिहिला आणि दोन गुण कापले. उत्तरपत्रिका परत मिळाल्यावर तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “सर, अव्यवहार्य का, ते सांगाल का?”

आम्हांस चटकन उत्तर देता आले नाही. ‘फार महाग असते’ एवढेच तोंडी आले. पण महाग आणि अव्यवहार्य हे शब्द समानार्थी नव्हेत, हे आम्हीच वर्गात शिकवितो. ज्याचे कारण आपल्याला सांगता येत नाही असा शेरा शिक्षकाने लिहू नये. तेव्हा या प्रश्नाचा थोडा शोध घेणे आम्हांस भाग पडले.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे नुसती वेगवान मोटार नव्हे. ती ठेंगणी असते, शक्य तितकी हलकी असते, तिला बहुधा दोनच आसने असतात, आणि चालकाने सुकाणूचे चक्र जरा फिरविले की ती तत्काळ वळते. ठेंगणेपणा हा काही शोभेसाठी नसतो. वाहनाचा गुरुत्वमध्य जितका खाली, तितके ते वळणावर कमी कलते व रस्त्यास घट्ट धरून राहते. घाटात उंच मालमोटार कशी झुकते आणि ठेंगणी मोटार कशी सरळ निघून जाते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे निराळे सांगावयास नको. गंमत अशी की जे तिचे गुण तेच रोजच्या वापरात तिचे दोष ठरतात. ठेंगणी म्हणून पोट रस्त्याला घासावयाचे, हलकी म्हणून सामानाला जागा नाही, दोनच आसने म्हणून तिसऱ्याने घरी बसावयाचे.

आता आपला रस्ता पाहू. कुकटपल्लीतून जाणारा हमरस्ता हा राष्ट्रीय महामार्ग ६५ होय. एका टोकास पुणे, दुसऱ्या टोकास मच्छलीपट्टणम. याच रस्त्याने आपल्यातील कितीतरी कुटुंबे सुटीत सोलापूरकडे जातात. परंतु सकाळी नऊ वाजता मेट्रोच्या खांबांखालून जाणारा हाच मार्ग महामार्ग वाटत नाही. बस, रिक्षा, पाण्याचे टँकर, महाविद्यालयांच्या गाड्या आणि या सर्वांच्या फटींतून पाझरणाऱ्या दुचाक्या! कुकटपल्लीहून अमीरपेट सुमारे आठ किलोमीटर. गर्दीच्या वेळी ताशी वीस किलोमीटरचा वेग मिळाला तर चोवीस मिनिटे लागतील. ताशी अडीचशे किलोमीटर धावू शकणाऱ्या मोटारीलाही चोवीसच मिनिटे लागतील, कारण तिच्या पुढची बस हलल्याशिवाय ती हलणार नाही. नोव्हेंबर २०१७ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो मात्र या दोघांनाही मागे टाकून जाते. म्हणजे वेग हा जर स्पोर्ट्स मोटारीचा लाभ मानला, तर आपल्या रस्त्यावर तो लाभ शून्य होतो. शिवाय एवढ्या खाली बसलेल्या चालकाला चारी बाजूंनी दिसावयाचे काय? बसची चाके आणि दुचाकीस्वारांच्या चपला!

येथवर आमचा शेरा बरोबर ठरत होता. पण गतिरोधकांचा मुद्दा काढला आणि तो डळमळला. आमची समजूत अशी होती की, स्पोर्ट्स मोटारीचे पोट जमिनीपासून जेमतेम बारा-तेरा सेंटिमीटर वर, तेव्हा तिला आपल्याकडील एकही गतिरोधक ओलांडता येणार नाही. गणिताचे सहकारी म्हणाले, “समजूत कशाला? हिशेब करू.” इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली गतिरोधकाचे माप घालून दिले आहे: सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा, रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर. त्यांनी फळ्यावर कंस काढला. मोटारीच्या पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर अडीच मीटर धरले, तर मोटार उंचवट्याच्या बरोबर मध्यावर असताना दोन्ही चाके मध्यापासून सव्वा मीटरवर, पण उंचवट्यावरच उभी असतात. त्या जागेपेक्षा मध्यबिंदू किती उंच? सव्वाचा वर्ग भागिले चौतीस. उत्तर आले साडेचार सेंटिमीटरांहून किंचित अधिक. बारा सेंटिमीटर मोकळे असताना साडेचारांची काय मातब्बरी! दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे उदाहरण जरूर करून पाहावे, त्यात वर्तुळाच्या जीवेचा गुणधर्म वापरावा लागतो.

याचा अर्थ असा की, नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक स्पोर्ट्स मोटारीला मुळीच अडवीत नाही. तिला अडवितो तो वसाहतीच्या तोंडाशी रातोरात उभा राहिलेला, हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा सिमेंटचा बांध. त्यावर रंगाचा पट्टा नाही, आधी सूचनेचा फलक नाही. तो स्पोर्ट्स मोटारीचे पोट खरवडतो हे खरे. पण रात्री घरी परतणाऱ्या दुचाकीस्वाराला तोच खाली पाडतो आणि रिक्षातील गरोदर बाईला तोच हिसका देतो. ज्या रस्त्यावर ठेंगणी मोटार चालू शकत नाही, तो रस्ता इतरांसाठीही तितकासा बरा नसतो. आम्ही मोटारीला अव्यवहार्य म्हटले होते. तो शब्द निदान अर्धा तरी रस्त्याला लावावयास हवा होता.

रोजच्या वापरास योग्य अशी स्पोर्ट्स मोटार कोणी केलीच नाही, असेही नाही. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात दाखविलेल्या पोर्शे ९११ या मोटारीस मागे दोन लहान आसने होती. मुले बसावीत एवढी जागा ठेवण्याचा व्यवहार त्या कारखान्याने पाहिला. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ साली एमएक्स-५ नावाची दोन आसनांची, उघड्या छताची लहान मोटार काढली. तिचे इंजिन अवाढव्य नव्हते आणि किंमत राजेरजवाड्यांची नव्हती. २०१६ पर्यंत अशा दहा लक्ष मोटारी तयार झाल्या. दहा लक्ष मोटारी काही केवळ हौशी संग्राहक घेत नसतात. त्यांतील पुष्कळशा माणसांना रोज कामावर नेत-आणीत असल्याच पाहिजेत.

आणि आपल्याकडे? गेल्या शतकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची मोटार तयार होऊ लागली. आम्ही कोंकणी बोलणारे, त्यामुळे तिच्याविषयी थोडा अधिक जिव्हाळा वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. दोन आसने, उघडता येणारे छत, काचतंतूंचे कवच, आणि आत रेनॉच्या लहान घरगुती मोटारींत असते तसले १,१४९ सीसीचे, सुमारे साठ अश्वशक्तीचे इंजिन. साठ अश्वशक्ती म्हणजे आजच्या एखाद्या साध्या कौटुंबिक मोटारीहूनही कमी! तिला शर्यत जिंकावयाची नव्हती. वाऱ्यावर केस भुरभुरत जावे, एवढीच तिची हौस. (गोव्याच्या जून महिन्यात छत उघडण्याची हौस कोणी केली असेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.) पुढे २०१२ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात डीसी डिझाइनची अवंती ही मोटार आली. दोन लिटरचे रेनॉ इंजिन, सुमारे अडीचशे अश्वशक्ती. आपले रस्ते ध्यानात घेऊन तिचे पोट साधारण कौटुंबिक मोटारीइतके उंच ठेवले होते. दोन्ही मोटारी फार खपल्या नाहीत. आमच्या मते त्याचे मुख्य कारण यंत्रात नव्हे, आपल्या घरांत आहे. आपल्याकडे मोटार ही एका माणसाची वस्तू नसते. ती घेताना आजीच्या गुडघ्यांचा विचार होतो, पंढरपूरला कोण कोण येणार याची मोजणी होते, आणि परतताना ज्वारीचे पोते कोठे ठेवावयाचे हेही ठरते. ठेंगण्या आसनात बसणे आजीला एकवेळ जमेल. पण त्यातून तिला बाहेर काढण्यास दोन नातवंडे लागतील, आणि त्यांना बसावयास मोटारीत जागा नाही.

तरीही या कौटुंबिक युक्तिवादात थोडी लबाडी आहे, ती सांगितलीच पाहिजे. जे गृहस्थ स्पोर्ट्स मोटारीला ‘चैन’ म्हणून हसतात, त्यांतील कित्येक सकाळी सात आसनांच्या, दीड-दोन टन वजनाच्या उंच मोटारीत एकटेच बसून कचेरीला निघालेले आम्ही पाहतो. सहा आसने रिकामी. गल्लीत ती मोटार उभी राहिली की रुग्णवाहिकेला वाट राहत नाही. व्यवहार हीच कसोटी असेल, तर एका माणसाला नेणारी लहान दोन आसनी मोटार या धुडापेक्षा खचित अधिक व्यवहारी होय. आपण ‘व्यवहार’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात प्रतिष्ठाच असते. तिचा आकार तेवढा बदलतो.

वेगाविषयी मात्र आमचे मत निराळे आहे. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी आपल्या हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर धावणाऱ्या मोटारींची फॉर्म्युला ई ही जागतिक शर्यत झाली. अठरा वळणांचा, पावणेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक लांबीचा मार्ग, आणि फ्रान्सचा झाँ-एरिक व्हेर्न विजयी. आमचे विद्यार्थी महिनाभर दुसरे बोलत नव्हते. पण त्या मोटारी धावाव्यात म्हणून तो रस्ता आधी बंद करावा लागला होता. दोन्ही कडांना भिंती व जाळ्या, वैद्य सज्ज, पादचारी एकही नाही. ज्यांना वेगाचे खरे ज्ञान आहे, ते रोजचा रस्ता रिकामा केल्याशिवाय वेग काढीत नाहीत.

याउलट काय होते, ते १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात दिसले. पोर्शे मोटारीची धडक बसून मोटारसायकलीवरून जाणारे दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, प्राणास मुकले. मोटार चालविणारा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी म्हटले. त्या मोटारीला चार दारे होती, मागे आसने होती, सामानाला जागा होती. आमच्या निबंधलेखकाने विचारलेल्या अर्थाने ती पुरेपूर व्यवहार्य होती! त्या मुलास प्रथम जामीन देताना घातलेल्या अटींत अपघातांविषयी तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच तो आदेश बदलला गेला. आम्ही निबंध शिकविणारे लोक. ती बातमी वाचून आम्हांस जी खिन्नता आली, ती शब्दांत मांडणे कठीण आहे. तीनशे शब्दांचा निबंध आम्ही दर पंधरवड्यास घालतो. तो अशा ठिकाणी वापरला जाईल, असे कधी मनात आले नव्हते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनाचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलास वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईतो परवाना मिळत नाही. हे येथे सांगण्याचे कारण पुण्यात नाही, आमच्या फाटकापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. तेथे रोज सकाळी काही स्कूटर उभ्या असतात आणि त्यांच्या किल्ल्या गणवेशाच्या खिशांत असतात. आम्हांस ते ठाऊक आहे, हेही त्या खिशांच्या मालकांना ठाऊक आहे. पालकसभेत हा विषय काढला की, “सर, शिकवणीला वेळेवर पोहोचायला नको का?” असे उत्तर मिळते. त्या स्कूटरला तांबडा रंग नाही, तिचा कोणी निबंध लिहीत नाही, ती अगदी व्यवहार्य आहे.

त्या विद्यार्थ्यास आम्ही पुन्हा बोलाविले आणि हे सारे सांगितले. गतिरोधकाचे गणित त्याला फार आवडले. वीस किलोमीटरच्या वेगाचे तितकेसे आवडले नाही. “मग सर, हळू चालवली तर?” त्याने विचारले. हळू चालविली, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर चालविली आणि स्वतःच्या कमाईची असली, तर लहानशी स्पोर्ट्स मोटार आई आणि मुलगा या दोन माणसांना अमीरपेटला खुशाल नेऊ शकेल. मेट्रोपेक्षा उशिरा, पण गप्पा मारीत. समासातील ‘अव्यवहार्य’ हा शब्द आम्ही तांबड्या शाईनेच खोडला आणि एक गुण परत दिला. दुसरा दिलेला नाही. कचेरीतून परतताना आई मोंड्यातून भाजी घेते, असे त्याच निबंधात आधी लिहिले आहे. ती पिशवी कोठे ठेवणार, याचा खुलासा त्याने अद्याप केलेला नाही.