निर्विकार चेहऱ्यासमोरचे मूल

आई आपल्या तान्ह्या बाळाशी खेळते आहे. बाळ अवघे काही महिन्यांचे, पण आईचा स्वर उंचावला की ते हातपाय झाडते, ती हसली की खुदकन हसते. मग आई क्षणभर मान वळवते आणि पुन्हा समोर पाहते ती कोरा, निर्विकार चेहरा करून. बोलणे नाही, हसणे नाही, स्पर्श नाही. बाळ प्रथम चकित होते. ते हसून पाहते, हुंकारते, हात पुढे करते. समोरचा चेहरा हलत नाही असे दिसताच नजर चुकवू लागते, अंग चोरते, रडकुंडीस येते. हा सारा प्रकार दोन-तीन मिनिटांचा. त्यानंतर आई पूर्ववत बोलू लागते आणि बाळही, थोडे रुसून का होईना, पुन्हा तिच्याशी खेळू लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात हा प्रयोग केला आणि १९७८ मध्ये त्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तान्ह्या मुलाला काय कळते, या समजुतीला त्याने जबर धक्का दिला. बोलता न येणारे मूलही नाते घडविण्यात आपला वाटा उचलते आणि ते तुटले तर जोडण्याचा प्रयत्न आधी तेच करते, हे त्यातून दिसून आले.

या प्रयोगाचा उपयोग आयांना दोष देण्यासाठी करू नये. (तशी घाई आपल्याकडे फार. मूल किरकिरे निघाले की बोट प्रथम सुनेच्या नोकरीकडे वळते.) ट्रॉनिक यांची पुढील निरीक्षणे उलट धीर देणारी आहेत. निरोगी मायलेकरांतही परस्परांचा सूर जुळलेला असतो तो सुमारे ३० टक्केच वेळ. उरलेल्या वेळात चुकामूक होते. बाळाला निजायचे असते आणि आई खेळवत असते; बाळ हसते तेव्हा आईचे लक्ष चुलीवरच्या दुधाकडे असते. मग दोघेही सावरतात, सूर पुन्हा जुळतो. या चुकण्या-सावरण्यातूनच मुलाला विश्वास येतो की, बिघडलेले सुधारता येते. सर्वगुणसंपन्न माता होण्याच्या धास्तीने खंगणाऱ्या आजच्या तरुण आयांना हे कोणीतरी सांगायला हवे.

याच संशोधकाने मध्य आफ्रिकेतील इतुरी अरण्यातील एफे जमातीचाही अभ्यास केला. तेथे मूल जन्मापासून अनेक हातांत वाढते. अठरा आठवड्यांच्या वयात त्याचा निम्म्याहून अधिक वेळ आईव्यतिरिक्त इतरांच्या अंगाखांद्यावर जातो. दुसऱ्या स्त्रियाही त्याला अंगावर पाजतात. हे वाचून आजी, आत्या, काकूंच्या भरल्या घराची आठवण होऊन आपली मान ताठ होईल. ती जरा बेतानेच ताठ व्हावी. सहा माणसांच्या घरात सहा हातांत सहा मोबाइल असतील, तर मुलासमोर एक नव्हे, सहा निर्विकार चेहरे असतात. ही केवळ वडीलधाऱ्यांची कुरकुर नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आईने कोरा चेहरा करण्याऐवजी मोबाइलमध्ये डोके घातले. मुले तशीच अस्वस्थ झाली. ज्या मातांनी आपल्याला मोबाइलची अधिक सवय असल्याचे सांगितले होते, त्यांची मुले नंतर आईशी पुन्हा रमायलाही कमी पडली.

मोबाइल खाली ठेवता येतो. काही आयांचा चेहरा मात्र त्यांच्या इच्छेविरुद्ध निर्विकार झालेला असतो, आणि आमची खरी चिंता तेथे आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य हा आजार आहे व तो उपचारांनी बरा होतो. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २०१७ मध्ये आला, तेव्हा नव्या मातांपैकी सुमारे २२ टक्क्यांना तो असल्याचा अंदाज त्यात होता. म्हणजे पाचांत एक. आपल्या सुशिक्षित घरांत याला 'नखरे' म्हणतात, नाही तर 'होईल सवय' म्हणून सोडून देतात. बाळाला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारे घर, त्याच्या आईच्या डोळ्यांतले पाणी आटत नाही याची नोंदही घेत नाही. आणि यात पिता कोठे असतो? रात्री उठून मुलाला खांद्यावर घेण्यात कोणत्याही परंपरेचा भंग होत नाही.

बाळंतिणीला भेटायला जाणारे आपण सारे बाळ कोणावर गेले याची चर्चा करतो, झबली-टोपडी देतो, डिंकाचे लाडू खाऊन परततो. तिला झोप लागते का, असे तिला बाजूला घेऊन विचारणारा त्यात एखादाच असतो.