पारितोषिक कुणाचे?

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला १९३५ पासून हाइसमन पारितोषिक देतात. २०२३ साली ते लुइझियाना स्टेटच्या जेडेन डॅनियल्सला मिळाले. वॉशिंग्टनचा मायकेल पेनिक्स दुसरा आला. दोघेही क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार. यावरून आमच्या खोलीत अजूनही वाद रंगतो. मित्र म्हणतात, “निवडीच्या वेळी पेनिक्सचा संघ अजिंक्य होता, डॅनियल्सचा तीनदा हरला होता. मग मान कुणाचा?”

पेनिक्सबद्दल मलाही आदर आहे. दुखापतींनी त्याचे लागोपाठ चार हंगाम अर्धवट राहिले, तरी तो पुन्हा उभा राहिला. परंतु चेंडू प्रतिपक्षाकडे गेला की क्वार्टरबॅक मैदानाबाहेर बसतो. मिसिसिपीविरुद्ध डॅनियल्सच्या संघाने ४९ गुण केले आणि ५५ गुण देऊन सामना गमावला. बचाव फुटला, यात त्याचा काय दोष?

मित्रहो, आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. घरी कुणी शिकलेले नाही म्हणून माझे गुण कापले, तर तुम्हांला पटेल काय? विजयी संघासाठी करंडक वेगळा असतोच. व्यक्तीचे पारितोषिक तिच्याच कर्तृत्वाला मिळावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.